खालच्या दोन दोऱ्या

"आबा, पहिला पतंग दोन दोऱ्यांचा घेऊ की थेट चार दोऱ्यांचा?"

नातीनं हे विचारलं तेव्हा आम्ही सिॲटलच्या मॅग्नसन पार्कमध्ये काइट हिलवर उभे होतो. समोर लेक वॉशिंग्टनचं निळं पाणी होतं, पाठीवर बरा वारा होता. पूर्वी इथे नौदलाचा विमानतळ होता. १९२४ साली विमानानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली तुकडी इथल्याच सँड पॉइंटवरून निघाली आणि इथेच परतली. त्याच जागी एक वयस्क गृहस्थ चार दोऱ्यांचा पतंग उडवत होते. खरं म्हणजे उडवत नव्हते, थांबवून धरत होते. जमिनीपासून दोन पुरुष उंचीवर तो पतंग भिंतीवर खिळ्याला टांगल्यासारखा होता. वारा वाहत होता, कापड फडफडत होतं, आणि पतंग जागचा हलत नव्हता.

मी येवल्याचा. आमच्याकडे संक्रांत तीन दिवस चालते. भोगीपासून करीपर्यंत गावात कुणाचे पाय जमिनीवर नसतात, सगळे गच्चीवर. हलकडी वाजत असते, आसारी, म्हणजे दोरा गुंडाळायची चकरी, हातात गरगरत असते. पण उभ्या आयुष्यात मी आकाशात थांबलेला पतंग पाहिला नव्हता. आमचा पतंग चढतो, तिरपा पळतो, गोता खातो, कापतो नाहीतर कापला जातो. तो थांबतो ते फक्त विजेच्या तारेवर.

नातीच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला पंधरा दिवस लागले. तिला हवा होता खरेदीचा सल्ला. मला मात्र त्या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न दिसला, आणि तो माझ्या वयाइतका जुना होता.

आधी पतंगाचं सांगतो. दोन दोऱ्यांचा पतंग १९७० च्या दशकात इंग्लंडमध्ये पीटर पॉवेल यांनी घरोघरी पोचवला. उजवी दोरी ओढली की उजवीकडे वळतो, डावी ओढली की डावीकडे. पण त्याची धाव पुढेच. त्याला थोपवायचं तर उडवणाऱ्यानं वाऱ्याच्या कडेला न्यावं, पावलं टाकावीत, पुष्कळ कसब लावावं. मागे सरकणं तर त्याच्या स्वभावातच नाही. चार दोऱ्यांचा पतंग १९८० च्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियात सॅन डिएगोला हॅड्झिकी बंधूंनी 'रेव्होल्यूशन' या नावानं आणला. दोन हातांत दोन वाकवलेली हँडलं. प्रत्येक हँडलच्या वरच्या टोकाला एक दोरी, खालच्या टोकाला एक. वरच्या दोऱ्या पतंगाच्या वरच्या कडेकडे जातात, खालच्या त्याच्या तळाच्या टोकांना. वरच्या ताणल्या की पतंग पुढे धावतो. खालच्या ताणल्या की कापडाचा कल बदलतो आणि तोच वारा त्याला मागे ढकलू लागतो. एका हाताची वरची आणि दुसऱ्या हाताची खालची ताणली, तर तो स्वतःच्या मध्याभोवती चाकासारखा फिरतो. आणि पुढे जाणं व मागे येणं यांची बरोबरी झाली, की थांबतो.

इथे भर पडली ती फक्त खालच्या दोन दोऱ्यांची. उडवणारे त्यांना ब्रेक म्हणतात. पतंगाला लगाम दोनचे चार झाले आणि त्याला मागे जाता येऊ लागलं, आडवं सरकता येऊ लागलं, डोकं खाली करून उभं राहता येऊ लागलं. बंधनं वाढली आणि मोकळीकही वाढली. हे कसं?

त्या गृहस्थांनी हँडलं माझ्या हातात दिली. हातांना येवला आठवलं. पतंग जरा कलला तशी मी कोपरातून खेच मारली. तो सुसाट वर गेला, वळला, आणि डोक्यावर गवतात आपटला. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदाही तेच. आमच्या विद्येत दोनच गोष्टी: खेच आणि ढील. इथे ढील द्यायला आसारीच नाही. चारही दोऱ्या ठरलेल्या लांबीच्या. आणि खेच मारावी तितका तो पळतो. त्यांनी माझे अंगठे हँडलच्या माथ्यावर ठेवले, कोपरं कमरेशी टेकवली आणि मनगट बोटभर कलवून दाखवलं. एवढंच. त्या बोटभर हालचालीनं गवतात पालथा पडलेला पतंग खालच्या दोऱ्यांवर उलटाच, तळाकडून वर उठला. मी संस्कृतचा मास्तर. त्या क्षणी मला जुना धडा आठवला.

चौतीस वर्षं मी शाळेत गीतेचा सहावा अध्याय शिकवला. अर्जुन म्हणतो, मन चंचल आहे, त्याचा निग्रह वाऱ्याला आवरण्याइतका कठीण वाटतो. 'निग्रह' शब्द आला की मी फळ्यावर अर्थ लिहायचो: दाबून ठेवणे, आवरणे. मुलं तो वहीत उतरवायची. मीही तो जगण्यात उतरवला होता. चोविसाव्या वर्षी नोकरी लागली आणि मास्तरांनी गच्चीवर ओरडत पतंग उडवणं बरं दिसत नाही, असं मला वाटलं. वडिलांची आसारी फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकली. त्यानंतर दोरीला हात लावला नाही. याला मी निग्रह समजत होतो आणि मनातून त्याचा अभिमानही बाळगत होतो.

पण त्याच गीतेच्या तिसऱ्या अध्यायात श्रीकृष्ण विचारतात, प्राणी आपापल्या प्रकृतीप्रमाणे वागतात, तिथे निग्रह काय करणार? शब्द तोच. एका ठिकाणी तो निरुपयोगी ठरवला आहे, दुसऱ्या ठिकाणी साधायला सांगितला आहे. वर्गात हुशार मुलं कधीकधी ही विसंगती दाखवायची. मी भाष्यकारांची मतं सांगून पुढे जायचो. मनातून मलाही ते कोडं सुटलेलं नव्हतं.

हातात हँडलं धरल्यावर ते कोडं माझ्यापुरतं सुटलं. कठोपनिषदात रथाचं रूपक आहे: शरीर रथ, इंद्रियं घोडे, बुद्धी सारथी आणि मन लगाम. लगामासाठी तिथे शब्द आहे 'प्रग्रह'. प्रग्रह आणि निग्रह, दोन्ही 'ग्रह्' धातूचे. धरणं दोन्हींत आहे. फरक फक्त उपसर्गाचा. 'प्र' म्हणजे पुढे, 'नि' म्हणजे खाली, आत. वरच्या दोन दोऱ्या प्रग्रह, खालच्या दोन निग्रह, आणि चारही एकाच पतंगाच्या, एकाच वाऱ्यात. प्रकृती दाबून टाकायला निघालेला निग्रह हरणारच. वारा बंद करून कुणी पतंग उडवलेला नाही. पण वाऱ्याला वाहू देऊन, पतंगाला धावायची ताकद ठेवून, त्याच ताकदीचा काही भाग उलट्या दिशेला वळवणं हा दुसरा निग्रह. अर्जुनानं वाऱ्याची उपमा दिली, पण श्रीकृष्णांनी वारा थांबवायला सांगितलं नाही. त्यांनी अभ्यास आणि वैराग्य सांगितलं. हाताला जोडी दिली.

माळ्यावरचा पतंगही स्थिर असतो आणि काइट हिलवरचा पतंगही. एकाला वारा लागत नाही म्हणून तो स्थिर. दुसरा वारा अंगावर घेऊन स्थिर. त्याच्या दोऱ्या हातात धरून पाहा, त्या सतत थरथरतात. मनगटं क्षणाक्षणाला केसभर हलत असतात. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, काही होत नाही. मी चौतीस वर्षं पहिल्या स्थिरतेला दुसरीचं नाव दिलं.

काही माणसांना सगळं सोडून निघणंच गरजेचं असतं, हे मी जाणतो. ज्याच्या हाताला दोरीनं रक्त आलं, त्यानं ती ठेवून द्यावी, यात कमीपणा नाही. माझ्या हाताला रक्त आलं नव्हतं. मला लोक काय म्हणतील याची धास्ती होती आणि तिला मी वैराग्याचे कपडे घातले होते.

हे सगळं तेरा वर्षांच्या मुलीला सांगून काय उपयोग? तिला पतंग हवा होता. म्हणून तिला सांगितलं ते असं.

थेट चार दोऱ्यांचा घे. आधी दोन दोऱ्या शिकायलाच हव्यात असं नाही. उलट त्या आलेल्या माणसाला पळवायची आणि हात पसरायची सवय मोडावी लागते, जशी मला खेचेची मोडावी लागली. मात्र मागताना नीट माग. चार दोऱ्यांचे पतंग दोन जातींचे. एक हवेनं फुगणारे, काड्या नसलेले. ते माणसाला किंवा गाडीला ओढायला असतात. तुला हवा तो कार्बनच्या नळ्यांचा, बो टायच्या आकाराचा. आडवी कड सुमारे २.३ मीटर असते, त्या मापाचा. लहान पतंग फार चपळ असतात, नव्या हाताला विचार करायला वेळ देत नाहीत. पहिला अखंड कापडाचा घे, ताशी दहा ते वीस किलोमीटरच्या वाऱ्याला तो पुरतो. जाळी लावलेले जोराच्या वाऱ्यासाठी असतात. ते पुढे, हात बसल्यावर.

दोऱ्यांत काटकसर नको. चारही एका मापाच्या हव्यात, आणि ताणून न लांबणाऱ्या. खेळण्याच्या दुकानातल्या स्वस्त संचाची दोरी रबरासारखी ताणते. मनगटाची बोटभर आज्ञा वाटेतच विरते आणि मुलाला वाटतं आपल्यालाच जमत नाही. पंचवीस ते छत्तीस मीटर लांबी पुरे. चारही टोकं एका खुंटीला अडकवून दुसरीकडून ताणून पाहा. एखादी बोटभर आखूड असली तरी पतंग आयुष्यभर एका बाजूला ओढेल. आणि ही दोरी मांजा नसली तरी ताणात असताना कातडी कापते. आपल्याकडे नायलॉन मांजानं पक्षी आणि माणसं मेली, तेव्हा २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं त्यावर देशभर बंदी घातली. म्हणून पुढ्यात माणूस, कुत्रं, सायकल आली की पतंग खाली. तुझी मोकळीक दुसऱ्याच्या गळ्यावरून जाता कामा नये.

शेवटची गोष्ट हँडलला बांधलेल्या छोट्या दोरीची. तिच्यावर गाठी असतात. मुख्य दोरी कोणत्या गाठीला अडकवली यावर ब्रेक किती लागेल ते ठरतं. ब्रेक कमी ठेवला तर पतंग चटकन उठतो, पण थांबत नाही. जास्त ठेवला तर थांबतो, पण उठायला कुरकुरतो. सोण नावाच्या भिक्षूनं पाय रक्ताळेपर्यंत साधना केली, तेव्हा बुद्धांनी त्याला वीणेच्या तारांचं उदाहरण दिलं: फार ताणली तरी सूर नाही, सैल सोडली तरी नाही. नव्या माणसाला मी ब्रेक एक गाठ जास्तच ठेवायला सांगेन. उठायला त्रास झाला तरी चालेल. आधी थांबायला यावं, धावणं वारा शिकवतोच.

पतंग आला त्या रविवारी तिघं गेलो. नातीनं तासभरात चार वेळा आपटला आणि पाचव्यांदा सहा-सात आकडे मोजेपर्यंत थांबवून धरला. मग तिनं हँडलं माझ्याकडे न देता आईकडे, म्हणजे माझ्या लेकीकडे दिली.

माझी लेक दहा वर्षांची असताना एका संक्रांतीला माळ्याच्या शिडीखाली उभी राहिली होती. "बाबा, ती आसारी काढा ना, मला शिकवा ना," म्हणत होती. मी म्हटलं होतं, परीक्षा जवळ आली आहे. तिनं पुन्हा विचारलं नाही. माझ्या निग्रहाची किंमत तिनंही मोजली, आणि ते माझ्या लक्षात यायला इतकी वर्षं जावी लागली. स्वतःच्या दोऱ्या गुंडाळून ठेवणारा माणूस बहुधा दुसऱ्याच्याही गुंडाळतो.

पतंग पलीकडे गवतात उभा होता. ब्रेक जास्त होता, त्यामुळे नुसत्या मनगटानं उठेना. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्यामागे जाऊन उभा राहिलो, तिचे अंगठे हँडलच्या माथ्यावर ठेवले.

"ओढू नकोस," मी म्हणालो. "एक पाऊल मागे ये फक्त. मी आहे मागे."

ती एक पाऊल मागे आली. चारही दोऱ्या गवतातून एकदम उठल्या आणि ताठ झाल्या.