घोडा विकताना

माझी गाडी गरम असली की तिच्यात कसलाही दोष नसतो. सेल्फ मारला की इंजिन लगेच पकडतं, आयडलिंग स्थिर, एसी लावला तरी थरथर नाही. दोष बघायचा तर तिला रात्रभर थंड पडू द्यावं लागतं. मग सकाळी स्टार्टर नुसताच घरघरत राहतो, समोरच्या गॅलरीतून शेजारी डोकावतात, आणि आपण बॅटरीवर संशय घेईपर्यंत गाडी एकदम सुरू होते. दिवसभर पुन्हा तक्रार नाही.

२०१४ सालची पेट्रोल सेडान आहे, मधल्या आकाराची. मी घेतली तीच सेकंडहँड. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर रात्रीचं चालवणं बंद झालं, मुलगी पुण्यात असते, आणि एवढी लांब गाडी सांगलीच्या गल्लीबोळांत वळवण्याचा कंटाळा येतो, म्हणून विकायला काढली. तेव्हापासून तिच्या पेट्रोलच्या यंत्रणेचा जेवढा विचार केला, तेवढा ती रोज वापरत असताना कधी केला नव्हता. त्यातला बराचसा विचार गाडीचा नव्हताच, माझा होता.

आधी दोष सांगतो. तोच मोघम सांगितला तर पुढचं सगळंच मोघम होईल. पेट्रोलचा पंप मागच्या सीटखाली, टाकीच्या आत, पेट्रोलमध्येच बुडालेला असतो. किल्ली ऑन केली की दोनेक सेकंद तो गुणगुणतो आणि इंजेक्टरपर्यंतच्या नळीत तीन-चार बारचा दाब उभा करतो. गाडी बंद केल्यावरही तो दाब टिकावा म्हणून पंपाच्या तोंडाशी एकमार्गी झडप असते. माझ्या गाडीतली ही झडप आता धरत नाही. मिस्त्रींनी गेज लावून इंजिन बंद केलं, आणि काटा हळूहळू उतरत शून्यावर आला. एखादा इंजेक्टर गळत असेल म्हणून प्लग काढून पाहिले, तर ते कोरडे. म्हणजे पेट्रोल इंजिनात झिरपत नाही, मागे टाकीत परत जातं. रात्रभरात नळी ओसरते आणि सकाळी ती भरेपर्यंत गाडी ताटकळत ठेवते. झडप सुटी मिळत नाही; पंपाचं अख्खं मॉड्यूल बदलावं लागतं.

यावर एक युक्ती आहे. किल्ली ऑन करायची, गुणगुण थांबू द्यायची, ऑफ करायची, पुन्हा ऑन करायची. असं दोन-तीनदा केलं की पंपाला नळी भरायला वेळ मिळतो आणि पहिल्या सेल्फला गाडी शहाण्यासारखी सुरू होते. बघणाऱ्याला वाटतं, म्हातारा किल्लीशी उगाच चाळा करतोय.

गिऱ्हाईक येण्याआधी काय करावं हे मी कुणालाच विचारलं नव्हतं, पण सगळ्यांनी सांगितलं. मेव्हणे म्हणाले, "माणूस यायच्या आधी विश्रामबागपर्यंत एक चक्कर मारून आणा." एजंट म्हणाला, "सर, धुऊन-पुसून ठेवा, टाकी निम्मी ठेवा आणि जरा गरम ठेवा." मिस्त्री काही बोलले नाहीत, नुसते हसले. हे ऐकताना मला धक्का बसायला हवा होता, निदान संकोच तरी वाटायला हवा होता. प्रत्यक्षात मनात आलं ते एवढंच, की हे तर मला आधीच सुचलं होतं.

मग मी एक चमत्कारिक उद्योग केला. मी ही गाडी घ्यायला गेलो त्या दिवशी तिचं बॉनेट गरम होतं का, हे आठवायला लागलो. मालकाने चहा दिला होता हे आठवतं, सर्व्हिसचं पुस्तक दाखवलं होतं हे आठवतं. बॉनेटला हात लावल्याचं काही केल्या आठवत नाही. पण ते गरम असावं अशी माझी फार इच्छा होती. ते गरम ठरलं असतं, तर त्या माणसाने माझ्याशी जे केलं ते पुढच्याशी करण्याचा परवानाच मला मिळाल्यासारखा होता. एका भल्या माणसाला, जो कदाचित निर्दोष असेल, मी मनातल्या मनात लबाड ठरवायला निघालो होतो, ते केवळ माझी सोय व्हावी म्हणून.

कॉमर्स कॉलेजात मी जन्मभर व्यापारी कायदा शिकवला. भारतीय करार अधिनियम, १८७२. त्याच्या सतराव्या कलमात कपटाची व्याख्या आहे आणि गप्प बसणं हे कपट ठरतं का, हे सांगायला कायद्याने घोडा विक्रीला काढला आहे. 'अ' लिलावात 'ब'ला घोडा विकतो. घोड्यात खोट आहे हे 'अ'ला माहीत आहे, पण तो काही बोलत नाही. हे कपट नाही. पुढच्या उदाहरणात 'ब' ही 'अ'ची मुलगी आहे, नुकतीच सज्ञान झालेली. इथे नात्यामुळे सांगण्याची जबाबदारी 'अ'वर येते. तिसऱ्यात 'ब' म्हणतो, तू नाही म्हणाला नाहीस तर घोडा धडधाकट आहे असं मी समजेन. 'अ' गप्प राहतो. इथे मात्र गप्प राहणं हे बोलण्यासारखंच.

परीक्षेत हमखास येणारा भाग. मुलं घोड्याला हसायची आणि मीही हसत पुढच्या कलमाकडे जायचो. इतक्या वर्षांत कधी जाणवलं नाही, की ही तीन उदाहरणं म्हणजे एकाच माणसाने एकामागून एक तोंड उघडण्याच्या टाळलेल्या संधी आहेत. गाडी विकायला काढल्यावर मला पहिलं उदाहरण तोंडपाठ आठवत होतं. दुसरं आणि तिसरं बघायला पुस्तक उघडावं लागलं. स्मरणशक्ती कुणाची बाजू घेते, ते तेव्हा कळलं.

पहिल्या उदाहरणात कायद्याचं काही चुकलं आहे असं मला वाटत नाही. लिलावात उभा असलेला माणूस जोखीम घ्यायलाच आलेला असतो आणि सगळ्या जगाचे दोष जगाला सांगत बसण्याची सक्ती कायदा कुणावर करू शकत नाही. कोर्टाने कुठवर हात घालायचा, याची ती रेघ आहे. मी मात्र ती रेघ उचलून घरात आणली आणि ती माझ्या सभ्यतेची हद्द आहे असं धरून चाललो. माझा गिऱ्हाईक लिलावात उभा राहणार नव्हता. तो आमच्या दिवाणखान्यात बसून पोहे खाणार होता.

पहिला आडोसा आधीच्या मालकाचा, दुसरा कायद्याचा; तिसरा पेट्रोलचा. "हल्ली पेट्रोलच असं येतंय हो, इथेनॉलवालं," हे वाक्य आज कुणालाही सांगा, समोरचा मान हलवतो. आणि ते वाक्य खोटं नाही, हीच तर अडचण आहे. वीस टक्के इथेनॉलचं ई-२० पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये आलं आणि २०२५ पर्यंत बहुतेक पंपांवर तेच मिळू लागलं. माझी गाडी त्याच्या कितीतरी आधीची. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या दोन तृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळे अ‍ॅव्हरेज थोडं पडणारच. जुन्या गाड्यांत सहा-सात टक्के घट होईल, असं नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटलं होतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, जुन्या रबराला फुगवू शकतं, टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं बसलेला गाळ सोडवून फिल्टरकडे पाठवतं. हे सगळं मी वाचलं आहे आणि आवडीने वाचलं आहे. पण माझ्या गाडीची झडप त्यामुळेच गेली का? मिस्त्री म्हणतात, अशा झडपा इथेनॉलचं नाव कुणी ऐकलं नव्हतं तेव्हाही जायच्या. शिवाय माझी स्वतःची एक खोड आहे: काटा लाल पट्टीवर येईपर्यंत पंपावर जायचं नाही, आणि गेलो तरी हजाराचंच टाकायचं. टाकीतला पंप भोवतीच्या पेट्रोलनेच थंड राहतो. तळाशी चार-पाच लिटर ठेवून त्याला उन्हाळ्यात फिरवलं, तर तो तापणार, झिजणार. हे कारण मी आजवर कुणालाही सांगितलं नाही. इथेनॉलचं मात्र कट्ट्यावर रोज सांगतो.

त्यात आणखी एक गंमत. वाळवा तालुक्यात आमची भावकीची जमीन आहे, त्यात ऊस आहे, आणि तो ज्या कारखान्याला जातो त्याची डिस्टिलरी इथेनॉल काढते. उसाचं बिल वेळेवर जमा झालं की इथेनॉलने साखर कारखानदारी वाचवली, असं मी पुतण्याला सांगतो. सकाळी गाडी सुरू झाली नाही की इथेनॉलने गाड्यांची वाट लावली. दोन्ही मतं पोटतिडकीने मांडतो, आणि दोन्हींसाठी लागणारी आकडेवारी माझ्याकडे आहे. माहिती गोळा करण्याचा नाद मला सत्याच्या ओढीने लागला, असं मी समजत होतो. गाडीच्या निमित्ताने हिशेब केला तर दिसलं, की बऱ्याचदा मी खरी माहितीच एका विशिष्ट जागी नेऊन ठेवतो, म्हणजे तिच्यामागचं दुसरं काही दिसू नये.

तशी एक गोष्ट मागे होतीच. गिऱ्हाइकाला दोष सांगायचा असं ठरवल्यावर मी वाक्य तयार करायला बसलो. वर्गात जाण्याआधी तयारी करायची सवय. वाक्य छान झालं: "सकाळी स्टार्ट व्हायला जरा वेळ घेते, पंपाची झडप गेली आहे, पण मी युक्ती दाखवतो." प्रांजळ, थोडं मिश्कील, ऐकणाऱ्याला विश्वास वाटावा असं. दोनदा मनात म्हणून पाहिलं, आणि त्यात आंबा घाट नाही हे लक्षात आलं.

रत्नागिरीहून येताना चढावर, टाकीत पेट्रोल कमी असताना, ट्रकला ओव्हरटेक करायला अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ही गाडी कधीकधी झटका खाते. क्षणभर पिकअप जातो, मग येतो. चढावर इंजिनाला जास्त पेट्रोल लागतं, थकलेला पंप तेवढं पुरवू शकत नाही, दाब पडतो. डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा लागत नाही, स्कॅनरमध्ये कोड राहत नाही. गावात वर्षभर चालवली तरी कळणार नाही. मला कळलं आहे, म्हणून मी घाटात ओव्हरटेक करत नाही आणि निघताना टाकी भरतो. ही पथ्यं मी इतकी अंगवळणी पाडून घेतली की तो दोष आहे हे विसरायला झालं.

सकाळी उशिरा सुरू होणारी गाडी माणसाला ऑफिसला उशीर करते. वळणावर, समोरून एसटी येत असताना पिकअप सोडणारी गाडी काय करेल, ते लिहायला नको. दोन दोषांपैकी सांगायला मी निवडला तो निरुपद्रवी. मोठं झाकायला लहान कबूल करणं, "नरो वा कुंजरो वा" याची ही घरगुती आवृत्ती, आणि मी ती प्रामाणिकपणाच्या सरावात तयार केली होती. खोटं बोलायचं ठरवलं असतं तर कदाचित इतकी सफाई साधली नसती.

दुरुस्त करूनच का विकत नाही, असं बायकोने विचारलं. बरोबर प्रश्न आहे. बाजारात पंपाची नुसती मोटर स्वस्तात मिळते, जुन्याच मॉड्यूलमध्ये बसवतात. ती टाकली की "पंप नवा टाकलाय" हे वाक्य खणखणीत खरं होतं. पण ती मोटर चढावर किती दाब धरेल, याची खात्री मिस्त्री देत नाहीत. कंपनीचं मॉड्यूल टाकायचं तर खर्च मी करणार आणि किमतीत तो भरून येणार नाही, म्हणून हात आखडतो. इथे मात्र पैशाचाच प्रश्न आहे आणि त्याला मी दुसरं नाव देणार नाही.

कुपवाड एमआयडीसीत काम करणारा एक तरुण फोनवर बोलला होता. त्याची पहिलीच गाडी. आईला दर महिन्याला कोल्हापूरला दवाखान्यात न्यावं लागतं, म्हणून ऐसपैस हवी आहे. शेवटी त्याने विचारलं, "काका, गाडीला काही काम नाही ना निघणार?" घोड्याच्या तिसऱ्या उदाहरणातला 'ब' याहून वेगळं काय म्हणतो? मी त्याला म्हणालो, उद्या सांगतो.

दुसऱ्या दिवशी फोन करून सगळं सांगितलं. झडप, किल्लीची युक्ती, घाटातला झटका, टाकी रिकामी ठेवण्याची माझी खोडसुद्धा. सकाळी सातला या, तोवर मी गाडीला हात लावणार नाही, तुमचा मिस्त्री घेऊन या, असंही म्हणालो. पलीकडे थोडी शांतता होती. मी वाट बघत होतो. कशाची, ते पुढच्या क्षणी कळलं. तो म्हणाला, "मग किती कमी करणार, काका?"

मला राग आला. इतकं सांगितलं आणि याला घासाघीसच सुचते, असं वाटलं. निदान "काका, तुमच्यासारखी माणसं राहिली नाहीत" एवढं तरी तो म्हणेल अशी माझी अपेक्षा होती, आणि त्या एका वाक्यासाठी मी बहुधा हजार-दोन हजार आणखी सोडले असते. त्याने विचारलं ते योग्यच होतं. दोष कळल्यावर किंमत विचारायची नाही तर काय विचारायचं? सांगण्याची किंमत मला आधी हवी होती, तीही रोख नको, कौतुकात.

मी दहा हजार म्हणालो. तो पंधरावर अडला आहे. मॉड्यूलचा दर मजुरीसकट लेखी आणा, असं मिस्त्रींना सांगितलं आहे. जो दर येईल तेवढे कमी करायचे. रविवारी सातला तो तरुण येणार आहे. मेव्हण्यांना हे अजून सांगितलेलं नाही.