नाकीडोळी नीटस, 'पण'...

छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे १०० किलोमीटरवर असलेल्या अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात, पद्मपाणी बोधिसत्त्वाजवळ एक सावळी स्त्री रंगवलेली आहे. दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या चित्रकाराने तिचा वर्ण उजळवला नाही. अलंकार मात्र हात न आखडता दिले. आज याच जिल्ह्यातील एखादी सावळी तरुणी आरशापुढे खिन्न का व्हावी?

हा न्यूनगंड कोणी जन्मतः घेऊन येत नाही. "नाकीडोळी नीटस आहे, पण...", "उन्हात जाऊ नकोस, काळी पडशील" ही वाक्ये तिने घरातच ऐकलेली असतात. पुढे विवाहाच्या जाहिरातींतील 'गोरी वधू पाहिजे' तिला तेच सांगते. १९७५ साली बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'च्या नावातील 'फेअर' २०२० साली गेले आणि 'ग्लो' आले. नाव बदलले, 'पण' मात्र उरला. सावळ्या विठ्ठलाला डोळे भरून पाहणाऱ्या महाराष्ट्राला सून मात्र गोरी हवी असते!

अशा मुलीला आपण सांगतो, "सावळा रंगही सुंदर असतो." ते खरेच आहे. अजिंठा त्याची साक्ष देतो. बायबलमधील गीतरत्नाची वधूही आपला काळा वर्ण निःसंकोचपणे सांगते. तथापि हे सांत्वन अपुरे आहे. त्यात तराजू सौंदर्याचाच राहतो, केवळ वजने बदलतात. जिच्या चेहऱ्यावर कोड किंवा भाजल्याचे व्रण आहेत, जिचे अंग स्थूल आहे, तिने कोणत्या चित्राकडे पाहून धीर धरावा? 'मीही सुंदर आहे' हा स्वीकाराचा पाया नव्हे. 'माझे मोल या प्रश्नावर ठरत नाही' ही जाणीव म्हणजे खरा स्वीकार. ज्या देहाने ती चालते, राबते, आजाऱ्याची उशाशी बसून सेवा करते, तो इतरांनी पसंत-नापसंत करण्यासाठी मांडलेला नमुना नाही.

परंतु ही जाणीव तिला एकटीच्या बळावर लाभेल काय? आरशात पाहण्याआधी मूल स्वतःला आईवडिलांच्या डोळ्यांत पाहते. म्हणून 'मनावर घेऊ नकोस' असा उपदेश तिला करायचा आणि आपली नजर तशीच ठेवायची, हा अन्याय आहे. स्वतःला स्वीकारणे ही तिची साधना असेल. तो 'पण' ओठांवर येण्याआधीच गिळणे, हे आपले कर्तव्य आहे.