शनिवारचा घाणा

बसा. पाठ टेकवा. आबांचा डोळा लागलाय, तेवढा वेळ तुमचा.

पहाटे ते विस्मरणाच्या भरात पोलाद कारखान्याच्या पहिल्या पाळीला निघाले होते. निवृत्त झालात, असं तुम्ही दोनदा सांगितलंत, दुसऱ्यांदा चिडून. तो आवाज अजून कानात असेल तर असू द्या. श्वास सोडा.

मन भिलाईहून लांब न्या, अलिबागजवळच्या नवगावला. बेने इस्रायल ज्यूंची परंपरा सांगते, की पूर्वजांचं गलबत इथं फुटलं. सात पुरुष आणि सात बाया वाचल्या, पोथ्या समुद्रात गेल्या. पुढच्या पिढ्या कोकणात तेल गाळत राहिल्या, मराठी झाल्या, हिब्रू विसरल्या. पण शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. खवल्यांशिवायची मासळी वर्ज्य. ‘शेमा’ प्रार्थना तेवढी ओठांवर. पुढे दावीद राहाबी नावाचा धर्मबंधू आला, त्यानं एवढ्यावरून त्यांना आपलं मानलं.

इथं थांबा. आबांकडेही असं काय उरलंय? घाई नको. बुटाची लेस बांधणारी बोटं. आरतीला बरोबर पडणारी टाळी. भिलाईची पहिली ब्लास्ट फर्नेस १९५९ साली पेटली. त्या जुन्या दिवसांचं विचारून पाहा. सकाळचा नाश्ता आठवत नसला, तरी फर्नेसवरचे लोक आठवतील.

ज्यूंचा धर्मग्रंथ तालमूद म्हणतो, मोशेनं फोडलेल्या दहा आज्ञांच्या पाट्या टाकून दिल्या नाहीत. अखंड पाट्यांशेजारी, त्याच पवित्र पेटीत ठेवल्या. म्हणून विद्या विसरलेल्या म्हाताऱ्याचाही मान राखा. तो काही मुद्दाम विसरलेला नाही. सुंदर आहे हे. पण ती पेटी वाहणाऱ्यांचे खांदेही दुखले असतील, असं मला राहून राहून वाटतं.

आता स्वतःच्या खांद्यांकडे लक्ष न्या. ते सैल सोडा. तेल्यांचा घाणा आठवड्यातून एक दिवस थांबायचा. तुमचा कधी थांबतो?

आजाऱ्याच्या भेटीला जाणं ज्यूंमध्ये धर्मकर्तव्य आहे. आपल्याकडेही लोक येतात, सफरचंदं ठेवतात, महिन्याभरात पांगतात. त्यात दुष्टावा नसतो. करायचं काय, ते त्यांना कळत नाही. तेव्हा एकच माणूस मनात आणा. सेक्टरमधली शेजारीण, दुर्गची बहीण, महाराष्ट्र मंडळातले एखादे काका. रविवारी दोन तास आबांपाशी बसाल का, एवढंच विचारायचंय. ते जागे व्हायच्या आत फोन लावा.