बॅटवर नाही, जर्सीवर

‘जाहिरात नको असेल तर टीव्ही बंद करा, पोराला नाही म्हणायला शिका. त्यात सरकार कशाला?’ अपायकारक वस्तूंच्या जाहिराती मुलांपासून दूर ठेवायचा विषय निघाला, की हा प्रश्न ठरलेला. आणि तो रास्तही वाटतो. घरचं वळण चांगलं असेल तर बाहेरच्या चार जाहिरातींनी काय बिघडणार?

पण घरच्या वळणाचं महाराष्ट्राला सर्वाधिक ठाऊक असलेलं उदाहरण घेऊ. कीर्ती कॉलेजात मराठी शिकवणारे कवी रमेश तेंडुलकर यांनी आपल्या मुलाला बजावलं होतं, की तंबाखूची जाहिरात कधीही करायची नाही. मुलगा नुकताच शाळेतून भारतीय संघात गेलेला, दारात जाहिरातवाले उभे. त्याने शब्द पाळला. नव्वदच्या दशकात संघातले बाकीचे सिगारेटच्या ब्रँडचे स्टिकर लावून खेळत होते, तेव्हा सचिनची बॅट काही काळ कोरी होती. १९९६च्या विश्वचषकात सर्वाधिक धावा त्याच्याच, ५२३. पण त्या स्पर्धेचं नाव काय, तर विल्स विश्वचषक! भारतीय संघाच्या जर्सीवरही विल्स होतंच.

वडिलांनी अडवलं, मुलाने ऐकलं. तरी त्याचं पोस्टर भिंतीवर लावणाऱ्या पोरांपर्यंत सिगारेटचं नाव पोचायचं ते पोचलं. बॅट एकट्याची असते, जर्सी सगळ्यांची. ती बदलायला संस्कार पुरले नाहीत. तंबाखूच्या जाहिरातींवर बंदी आणणारं विधेयक २००१ साली पुढे आलं, तेव्हा विल्सच्या कंपनीने आपणहून क्रीडा प्रायोजनातून अंग काढून घेतलं. कायदा झाला तो २००३मध्ये. नुसत्या चाहुलीने एवढं झालं, हे मला फार बोलकं वाटतं.

‘मग खेळाला पैसा कुठून येणार’ हा प्रश्न तेव्हाही आला होता. २००१मध्येच संघाला सहारा हा नवा प्रायोजक मिळाला. ऑगस्ट २०२५मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर कायद्याने बंदी आली आणि त्यातलंच ड्रीम इलेव्हन जर्सीवरून उतरलं. आशिया चषक भारतीय संघ प्रायोजकाविना खेळला आणि जिंकलाही. स्पर्धा संपायच्या आत अपोलो टायर्सबरोबर आधीपेक्षा मोठ्या रकमेचा करार झाला होता. क्रिकेट उपाशी मरत नाही.

आता खाण्यापिण्याचं. इथे मामला अवघड आहे, कारण तंबाखूला ठाम नकार देणाऱ्या त्याच सचिनने आमच्या पिढीला शीतपेयं आणि दुधात घालायची पावडर आनंदाने विकली. त्यात त्याला दोष देण्यात अर्थ नाही. साखरेला तेव्हा फारसं कुणी अपायकारक म्हणत नव्हतं. वडिलांचा सल्ला त्या काळाला जेवढं दिसत होतं तेवढ्यापुरताच असणार. आज दिसतं ते जास्त आहे. तरीही वेफर्स म्हणजे सिगारेट नव्हे, आणि वडापावाच्या गाडीवर कुणी बंदी घाला म्हणत नाही. त्या गाडीला सदिच्छादूत नसतो. तिची जाहिरात तळणीचा वास करतो आणि तोही नाक्यापर्यंतच.

नियम आपल्याकडे आहेत. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त मीठ, साखर, चरबीचे पदार्थ विकू नयेत, त्यांची जाहिरातही करू नये, असं २०२०चं विनियमन सांगतं. कुठल्याही शाळेसमोरचं दुकान बघा. पाच रुपयांच्या पाकिटांच्या माळा नेमक्या तिसरीतल्या मुलाच्या डोळ्यांसमोर येतील अशा लोंबत असतात. वर दुकानाची पाटी शीतपेयाच्या कंपनीने करून दिलेली, तिच्यात कंपनीचं नाव हातभर आणि दुकानदाराचं कोपऱ्यात वीतभर.

२०२२च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार चिप्स, शीतपेयं अशांची जाहिरात मुलांच्या वाहिनीवर किंवा मुलांसाठीच्या कार्यक्रमात करता येत नाही. उत्तम. पण मुलं बघतात काय? क्रिकेट आणि रील्स. क्रिकेटचा सामना सरकारी भाषेत मुलांचा कार्यक्रम नाही, म्हणून दोन षटकांच्या मध्ये सगळं खुलं. वेलची आणि पानमसाल्याच्या आडून तंबाखूचे ब्रँडही तिथेच डोकावतात, आडून केलेल्या जाहिरातींना हीच तत्त्वं मनाई करत असूनसुद्धा. ब्रिटनने जानेवारी २०२६पासून रात्री नऊच्या आत टीव्हीवरच्या आणि इंटरनेटवर पैसे देऊन केलेल्या, जास्त मीठ, साखर, चरबीच्या पदार्थांच्या जाहिराती थांबवल्या, पण पदार्थ न दाखवता नुसता ब्रँड मिरवायची मुभा ठेवली. ती फट कशी रुंदावते, हे वेलचीवाल्यांना विचारावं.

चिली मात्र दुसऱ्या वाटेने गेला. २०१६मध्ये त्यांचाही नियम मुलांच्या कार्यक्रमांपुरता होता. दोन वर्षांनी कार्यक्रम कुणाचा हा वादच त्यांनी बाजूला ठेवला आणि सकाळी सहा ते रात्री दहापर्यंत या जाहिराती टीव्हीवरून बहुतांशी हटवल्या. मला हे पटतं, निदान टीव्हीपुरतं तरी. फक्त दहाचा काटा आपल्याला पुरायचा नाही. आयपीएलचा सामना साडेसातला सुरू होतो, अकरा वाजून गेल्यावर संपतो, आणि हंगाम संपायच्या आत शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागलेली असते.