मरणाची गोष्ट कुणी संपवायची?

‘द वॉकिंग डेड’ या झोंबींच्या मालिकेच्या पहिल्याच भागात, कोमातून जागा झालेला रिक ग्राइम्स हॉस्पिटलमधून बाहेर पडतो आणि कमरेखाली शरीरच न उरलेली एक बाई त्याला गवतात सरपटताना दिसते. तो जिवाच्या भीतीने तिथून निघून जातो. पुढे हातात बंदूक आल्यावर मात्र मुद्दाम तिला शोधत परत येतो, तिच्याजवळ बसतो, तुझ्यावर ही वेळ यायला नको होती अशा अर्थाचं काही बोलतो आणि मग गोळी झाडतो. त्याच वेळी, रिकला आसरा देणारा मॉर्गन वरच्या मजल्याच्या खिडकीतून आपल्या बायकोच्या चालत्या प्रेतावर नेम धरून बसलाय, पण चाप ओढायला त्याचं बोट धजत नाही. दिग्दर्शक फ्रँक डॅराबाँटने हे दोन प्रसंग एकमेकांत गुंफले आहेत. मेलेल्याला नीट निरोप देणं हे जिवंताचं कर्तव्य आहे, हा या मालिकेचा गाभा मला तिथे सापडला, आणि म्हणूनच तिचं पुढे जे झालं ते मनाला लागतं.

31 ऑक्टोबर 2010 ला एएमसी वाहिनीवर सुरू झालेल्या या मालिकेचा पहिला हंगाम अवघ्या सहा भागांचा होता. 2014 च्या ऑक्टोबरात पाचव्या हंगामाचा पहिला भाग अमेरिकेत 1 कोटी 73 लाख लोकांनी पाहिला. केबल वाहिनीसाठी हा आकडा अफाट होता. याच वाहिनीच्या ‘मॅड मेन’ आणि ‘ब्रेकिंग बॅड’ या गाजलेल्या मालिका बाहेरच्या स्टुडिओंच्या मालकीच्या होत्या आणि आपापल्या वेळी संपल्या. ‘वॉकिंग डेड’ मात्र घरची होती. ती संपवणं म्हणजे हाताने आपलीच विहीर बुजवणं. मग 2015 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये सुरू होणारी ‘फिअर द वॉकिंग डेड’ आली, 2020 मध्ये ‘वर्ल्ड बियाँड’, 2022 मध्ये ‘टेल्स’, 2023 मध्ये मॅनहॅटनमधली ‘डेड सिटी’ आणि फ्रान्समध्ये सुरू होणारी ‘डॅरिल डिक्सन’.

नव्या मालिका काढण्याला माझा आक्षेप नाही. ‘फिअर’च्या सुरुवातीला एक कुटुंब शहर कोसळताना पाहतं आणि तरी उद्याच्या शाळेची काळजी करत राहतं, ते फार खरं वाटतं. आक्षेप आहे तो पसाऱ्याने मूळ गोष्टीचं जे केलं त्याला. नोव्हेंबर 2022 मध्ये मूळ मालिकेचा 177 वा, शेवटचा भाग दाखवला गेला तेव्हा डॅरिल, मॅगी आणि नेगन या मुख्य पात्रांच्या पुढच्या मालिका जाहीर होऊन गेल्या होत्या. म्हणजे ही माणसं मरणार नाहीत हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक. कुणीही कधीही जाऊ शकतो या भीतीवर उभी राहिलेली गोष्ट अखेरच्या दिवशी ती भीतीच गमावून बसली. तोवर टीव्हीवर ती थेट पाहणारे जेमतेम 22-23 लाख उरले होते. गळती आधीपासूनच होती: 2016 मध्ये ग्लेन या सुरुवातीपासूनच्या पात्राचा मृत्यू ज्या क्रौर्याने दाखवला, त्यानंतर अनेकांनी पाठ फिरवली. त्याआधी कोण मेलं हे सांगायला सहा महिने लावले होते. मरणाचा असा कोडं म्हणून वापर करणं मला अजूनही अक्षम्य वाटतं.

ज्या कॉमिकवरून हे सगळं आलं, त्याचा लेखक रॉबर्ट कर्कमन उलट वागला. झोंबीपट संपल्यावर पुढे काय होतं, या कुतूहलातून 2003 मध्ये त्याने कॉमिक सुरू केलं, आणि जुलै 2019 मध्ये 193 व्या अंकात, कुणालाही कळू न देता, संपवलं. पुढच्या अंकांची खोटी मुखपृष्ठंसुद्धा आधी जाहीर करून ठेवली होती! त्या अंकात बरीच वर्षं लोटली आहेत, रिकचा मुलगा कार्ल मोठा झालाय, चालती प्रेतं दुर्मिळ झालीत. मॅगीचा मुलगा हर्शेल ती पकडून गावोगाव खेळ दाखवत फिरतो. त्यातली काही कार्लच्या दारात येतात, तो त्यांना संपवतो, आणि दुसऱ्याच्या मालमत्तेची नासधूस केल्याबद्दल त्याच्यावर खटला भरला जातो.

हे कर्कमनने कुणाला उद्देशून लिहिलं असं मी म्हणणार नाही. पण टीव्हीवरचा पसारा बघताना तो खटला मला आठवतोच. त्या पसाऱ्यातली 2024 ची ‘द वन्स हू लिव्ह’ तेवढी वेगळी ठरली. रिक आणि त्याची जोडीदार मिशोन एकमेकांना शोधतात, आपल्या मुलांपाशी पोचतात, आणि सहा भागांत गोष्ट पुरी होते. इतक्या वर्षांनी या विश्वातल्या कुणाला तरी घरी जाऊ दिलं होतं.