गोळा कुठे जातो?

2024 या एका वर्षात जगातल्या देशांनी मिळून लष्करावर 2,718 अब्ज डॉलर खर्च केले. आदल्या वर्षीपेक्षा 9.4 टक्के जास्त. स्टॉकहोमची सिप्री ही संस्था दरवर्षी हा हिशेब मांडते. पुण्या-मुंबईत माणूस हा आकडा वाचतो, 'काय चाललंय जगात' म्हणतो आणि पान उलटतो. जबलपुरात तेवढ्यावर भागत नाही. इथे या आकड्याला ओव्हरटाइम म्हणतात.

मी राहते मदन महलला. किल्ला म्हणतात खरं, पण आहे ती टेकडीवरच्या एका अजस्र खडकावर बसवलेली दुमजली चौकी, गोंड राजा मदनसिंहाच्या नावाने ओळखली जाणारी. जवळच ती प्रसिद्ध तोललेली शिळा आहे, 22 मे 1997 च्या भूकंपातही न पडलेली. जागतिक शांततेवर लिहायला बसलेल्या प्रत्येकाला ही शिळा उपमा म्हणून खुणावते. मी तिला तिच्या जागी राहू देते. मला बोलायचं आहे ते शहराच्या दुसऱ्या टोकाबद्दल.

तिकडे कारखाने आहेत. 1904 मध्ये सुरू झालेली गन कॅरेज फॅक्टरी, जिथे आज धनुष तोफा तयार होतात. लष्कराच्या गाड्यांची व्हेइकल फॅक्टरी. आणि दारूगोळ्याचा खमरियाचा कारखाना, जो दुसऱ्या महायुद्धाने इथे आणला. जबलपूरच्या मराठी वस्तीत असं घर विरळा, ज्यातलं कुणीच यांपैकी एखाद्या फाटकातून आत गेलेलं नाही. मध्य प्रांताची राजधानी नागपूर होती तेव्हा आमची माणसं कारकून आणि मास्तर म्हणून इकडे आली. त्यांची मुलं फिटर, टर्नर, चार्जमन झाली. युक्रेन, गाझा, सुदान ही नावं आमच्याकडे टीव्हीवर येतात, तसं पगारही याच जगातून येतो. हे दोन्ही एका वाक्यात म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही, एवढंच.

शेजारचे काका खमरियातून निवृत्त झाले. भराईच्या सेक्शनला होते. ते काम कसं चालतं हे त्यांनी मला एकदा सविस्तर सांगितलं. काडेपेटी, विडी बाहेर ठेवायची. अंगावर लोखंडाचा तुकडा नको, पट्ट्याचं बक्कलसुद्धा नको. आतल्या रेषेपाशी बाहेरचे जोडे काढून आतले घालायचे, म्हणजे वाळूचा कणही आत जायला नको. धातूच्या पट्टीला हात लावून अंगातली वीज उतरवायची आणि मगच कामाला हात घालायचा. टीएनटीने बोटं पिवळट होत. घरी पोळीचा तुकडा मोडण्याआधी काका दोनदा हात धुवायचे, आणि तरी काकू म्हणायच्या, "वास येतोय." भरून झालेल्या गोळ्यावर शेवटी रंगाने अक्षरं उमटवायची: कारखान्याची खूण, लॉट नंबर, साल.

या लॉट नंबरपाशी मी अडकले. एखादा गोळा सदोष निघाला, सरावाच्या वेळी नळीतच फुटला, तर या नंबरावरून मागे मागे जात कुठल्या महिन्यात, कुठल्या शिफ्टमध्ये तो भरला हे शोधता येतं. चौकशी बसते, जबाब होतात. म्हणजे गोळ्याचा मागे जाणारा रस्ता अगदी पक्का. पुढे जाणारा? काका म्हणाले, "पॅकिंगला गेला की आपला संबंध संपला."

पुष्कळ वर्षं हे उत्तर पुरेसं होतं, कारण पुढचा रस्ता आपल्याच सैन्याकडे जात होता. 1999 च्या कारगिल युद्धात सुट्ट्या न घेता काम केल्याचं काका आजही ताठ मानेने सांगतात, आणि त्यांनी मान खाली घालावी असं मला मुळीच वाटत नाही. शस्त्रच नको म्हणणाऱ्यांत मी नाही. ज्या टेकड्यांच्या सावलीत मी राहते त्यांना मुघल फौजेशी लढणाऱ्या राणी दुर्गावतीचं 1564 सालचं मरण माहीत आहे. दारात फौज आली की काय होतं, हे सांगायला आम्हाला दूरच्या देशाचा दाखला लागत नाही.

पण आता रस्त्याला फाटा फुटला आहे. 2013-14 मध्ये भारताची संरक्षण निर्यात 686 कोटी रुपये होती. 2024-25 मध्ये ती 23,622 कोटींवर गेली. 2021 च्या ऑक्टोबरात आयुध कारखान्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. खमरिया म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेला, जिचं मुख्यालय पुण्यात आहे. कंपनी म्हटलं की ताळेबंद आला, आणि ताळेबंद आला की परदेशी ऑर्डर ही आनंदाची बातमी ठरते. इथे पेढे वाटणाऱ्यांना मी हसणार नाही. ऑर्डर नसलेल्या कारखान्याच्या वसाहतीत संध्याकाळ कशी असते, तेही या शहराने पाहिलं आहे.

सप्टेंबर 2024 मध्ये लागोपाठ दोन गोष्टी घडल्या. गाझात युद्ध चालू असताना इस्रायलला शस्त्रं पाठवण्याचे परवाने रद्द करा, अशी याचिका काही निवृत्त अधिकारी आणि अभ्यासकांनी सर्वोच्च न्यायालयात केली होती. तीत म्युनिशन्स इंडियाचंही नाव होतं. न्यायालयाने 9 तारखेला ती फेटाळली. परराष्ट्र धोरण हा सरकारचा प्रांत, आम्ही त्यात शिरणार नाही, असं म्हटलं. पुढच्याच आठवड्यात रॉयटर्सने बातमी दिली की भारतात बनलेले तोफगोळे युरोपातल्या ग्राहकांमार्फत युक्रेनमध्ये पोचत आहेत. परराष्ट्र मंत्रालयाने ती बातमी दिशाभूल करणारी म्हणून झटकली. खमरियाचे गोळे यांतल्या कुठल्या रणांगणात पडले असं मी म्हणत नाही. तसं म्हणायला माझ्याकडे काही नाही. माझं म्हणणं एवढंच, की 'पडले नाहीत' असं म्हणायलाही काकांच्या हातात काही नाही, आणि ज्याने बोटं पिवळी करून घेतली त्याला निदान हे कळण्याचा अधिकार असावा.

इथे पुष्कळजण म्हणतात, जाऊ दे, मोठ्यांचं राजकारण आहे, आपण विचारून काय होणार. जबलपूरकराने तरी हे म्हणू नये. मदन महलपासून फार लांब नसलेल्या नेपियर टाउनमध्ये हिंदी व्यंगलेखक हरिशंकर परसाई राहत. 'देशबंधु' दैनिकात त्यांचं 'पूछिए परसाई से' हे सदर चालायचं. लहान लहान गावांतले वाचक पोस्टकार्डावर प्रश्न पाठवायचे. सुरुवातीला थट्टामस्करीचे, मग हळूहळू देशाचे, जगाचे, इतिहासाचे. पायाने अधू झालेला हा लेखक खाटेवरून त्यांना उत्तरं द्यायचा. कुणालाही 'तुला काय करायचंय' असं म्हणत नसे. पोस्टकार्डाएवढ्या जागेत जगाबद्दल प्रश्न विचारता येतो, ही या शहराची शिकवण आहे.

त्याही आधीचं उदाहरण जबलपूरजवळच्या त्रिपुरीचं. मार्च 1939. काँग्रेसचं बावन्नावं अधिवेशन, म्हणून बावन्न हत्तींची मिरवणूक. अध्यक्ष सुभाषचंद्र बोस तापाने फणफणलेले, त्यामुळे मिरवणुकीत त्यांची तसबीर. इजिप्तच्या वफ्द पक्षाचे पाहुणे मंडपात बसलेले. सुभाषबाबूंच्या भाषणात म्युनिक करार होता, ब्रिटनची डळमळलेली अवस्था होती. इंग्रजांना मुदत घालून निर्वाणीचा खलिता द्यावा असा त्यांचा आग्रह होता. सहा महिन्यांत युरोपात काय होईल हे त्यांना दिसत होतं. मंडपाला मात्र त्या दिवसांत एकच विषय होता: कार्यकारिणी कुणाच्या मर्जीने नेमायची. ती गांधीजींच्या मर्जीने नेमावी असा गोविंद वल्लभ पंतांचा ठराव आला, तो मंजूर झाला. अधिवेशन आटोपून माणसं घरी पोचतात न पोचतात तोच, 15 मार्चला, जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या. सप्टेंबर उजाडला तसं महायुद्ध सुरू झालं. नर्मदेकाठच्या त्या मंडपात ज्याची चाहूल एका आजारी माणसाला लागली होती, त्याच युद्धाने पुढे खमरियाचा कारखाना उभा केला.

सुभाषबाबू पुढे ज्या वाटेने गेले, बर्लिनला, मग टोकियोला, तिच्याबद्दल मला शंका आहेत. शत्रूचा शत्रू नेहमी मित्र नसतो, आणि त्यांतल्या जपानने चीनमध्ये काय केलं हे त्यांना माहीत होतं. माहीत होतं असं मी ठामपणे म्हणते, कारण चीनसाठी मदत पाठवा म्हणून 1938 मध्ये काँग्रेस अध्यक्ष या नात्याने त्यांनीच आवाहन केलं होतं. त्या सप्टेंबरात मुंबईहून पाच डॉक्टर बोटीने चीनला निघाले. त्यांतले सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस सगळ्यांना ठाऊक आहेत, व्ही. शांताराम यांच्या चित्रपटामुळे. दुसरे होते नागपूरचे डॉ. चोळकर. त्यांच्यावर चित्रपट निघाला नाही. ते वयाने पथकातल्या बाकीच्यांपेक्षा थोर. निवांत दवाखाना चालवण्याच्या वयात ते बॉम्ब पडत असलेल्या देशात गेले आणि काम करून परत आले. कोटणीस परतले नाहीत, 9 डिसेंबर 1942 ला तिथेच गेले, बत्तिसाव्या वर्षी. मला या दोघांमध्ये चोळकरांबद्दल जास्त कुतूहल वाटतं. हुतात्मा होणं सगळ्यांच्या नशिबात नसतं. जाऊन, चार-दोनशे जखमा बांधून, घरी परत येणं मात्र पुष्कळांना जमण्यासारखं आहे.

पाच डॉक्टरांनी जपान थांबला नाही. ज्यांनी त्यांना पाठवलं तेही तो थांबेल अशा समजुतीत नव्हते. पण तेव्हा हा देश गुलाम होता, त्याच्याकडे मत नव्हतं, नकाराधिकार नव्हता, विकायला तोफगोळे नव्हते, आणि तरी जगातल्या अन्यायाला आपला हात कुठे लागू शकतो हे त्याने शोधून काढलं. आज आपण स्वतंत्र आहोत, आणि आपला हात कुठे लागतो आहे ते गोपनीय आहे.

2 एप्रिल 2013 ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत शस्त्रव्यापार करार मंजूर झाला. विकलेलं शस्त्र नरसंहारात किंवा नागरिकांवर वापरलं जाणार हे माहीत असेल तर विकायचं नाही, हा त्याचा गाभा. भारत मतदानात तटस्थ राहिला, पुढेही त्यात सामील झाला नाही. तेव्हाची आपली तक्रार अशी होती, की करारात विकणाऱ्यांकडे झुकतं माप आहे आणि घेणाऱ्यांचं नुकसान. तक्रार खोटी नव्हती. आपण त्या काळी जगातले सर्वांत मोठे गिऱ्हाईक होतो. पण आता आपण गल्ल्यावर बसायला लागलो. गिऱ्हाईक असताना केलेल्या तक्रारीवर दुकानदाराने किती वर्षं काढायची? करारात सामील झालेले सगळे साधू आहेत असं नाही. फ्रान्स आणि जर्मनी सह्या करूनही विकतातच. पण तिथला नागरिक त्या सहीवर बोट ठेवून कोर्टात उभा राहू शकतो. आपल्याकडे बोट ठेवायला कागदच नाही.

आणखी एक हिशेब, जो सिप्रीच्या तक्त्यात बसत नाही. 22 ऑक्टोबर 2024 ला खमरियात स्फोट झाला, कामगार गेले. 24 जानेवारी 2025 ला भंडाऱ्याच्या जवाहरनगर कारखान्यात स्फोट झाला, निदान आठ जण गेले. युद्धात न पडलेल्या दारूचे हे बळी. त्यांना शहीद म्हणत नाहीत, आणि युद्धविरोधी मोर्चातही त्यांची नावं कुणी घेत नाही. काकांना विचारलं तर ते फक्त म्हणतात, "आमच्या वेळी उन्हाळ्यात जास्त भीती वाटायची."

मग आशा कशाची धरायची? सुरक्षा समितीतला पाच जणांचा नकाराधिकार माझ्या हयातीत जाईल असं मला वाटत नाही. भला नेता येऊन जग सावरेल, या आशेत आमच्या दोन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. माझी आशा आखूड आहे. शस्त्रं बनवणाऱ्या शहरांनी, जबलपूरने, खडकीने, भंडाऱ्याने, वरणगावने, आपल्या खासदाराला विचारावं: कोणत्या देशाला, किती, कोणत्या अटीवर. कामगार संघटना बोनससाठी विचारतात तेवढ्याच हक्काने. उत्तर बहुधा 'सामरिक कारणास्तव देशांची नावं सांगता येत नाहीत' असंच येईल. येऊ दे. नकारही छापील आला की तो कुणाचा, कधीचा हे ठरतं, आणि पुढचा प्रश्न त्याच्यावर उभा करता येतो.

असं एक पत्र मी खासदारांच्या नावाने लिहून काढलं आणि काकांना वाचून दाखवलं. मला वाटलं होतं, ते नाराज होतील. त्यांनी चष्मा लावून कागद हातात घेतला, पुन्हा एकदा स्वतः वाचला, आणि चार्जमनच्या सुरात चूक काढली.

"अगं, कोणाला विकला एवढंच विचारून काय होणार? ज्याला विकला त्याने पुढे तिसऱ्याला दिला तर? ते लिहून घेतात का, आणि लिहून घेतलं तर तपासायला कोण जातं, ते विचार. लॉट नंबर असतो गोळ्यावर. शोधायचं म्हटलं तर सापडतो."

पत्रात ती ओळ घातली. खाली सही माझी आहे, आणि त्यांची.