गाडी बदललीस, खोड बदलली का?

नवी गाडी घेतलीस म्हणून पेढे घेऊन आलास. ठेव तिकडे. आधी ऐकून घे.

आर-१५ ही स्पोर्ट्स बाइक विकलीस, मीटिऑर ३५० ही क्रूझर घेतलीस आणि गावभर सांगत सुटलास, 'आता मी शांत झालो. स्पीडचं वेड गेलं. आता फक्त टूरिंग.' शहाणपण शोरूममध्ये मिळतं का रे? चावीबरोबर हातात देतात?

जुनी गाडी का विकलीस ते मला ठाऊक आहे. 'मनगटं दुखतात, मान भरून येते, लांब जाता येत नाही.' खाली वाकलेल्या हँडलवर सगळं अंग टाकून बसलास तर मनगटं दुखणारच. गुडघ्यांनी टाकी धर, पोट-कंबर घट्ट ठेव, तळवे हलके ठेव, हे किती वेळा सांगितलं? चार दिवस केलंस, पाचव्या दिवशी ये रे माझ्या मागल्या. तुझ्याच वयाची पोरं तसल्याच गाडीवर लडाखला जाऊन आली. तू लोणावळ्याला जाऊन मनगटं चोळत परत आलास.

आता म्हणतोस माकडहाड दुखतं. जेलची सीट मागवलीस. काल दोष हँडलचा, आज सीटचा. तुझा कधी? नाचता येईना, अंगण वाकडं!

माकडहाड का दुखतं, याचा घटकाभर विचार केलास? आर-१५ वर पाय मागे होते. खड्डा दिसला की तू बूड जरा उचलायचास आणि दणका मांड्यांवर घ्यायचास. इथे पाय पुढे आहेत. तसं उचलता येत नाही. खड्ड्याचा दणका थेट मणक्यात जातो. मग खड्ड्याआधी वेग कमी करायचा की नवी सीट मागवायची? दर तासा-दीड तासाने उतरून चार पावलं चालायची, पाणी प्यायचं, पाठ सरळ करायची, याला पैसे पडतात का? पडत नाहीत, म्हणूनच तुला ते सुचत नाही.

गाडीचा कागद तरी वाचलास का? जुन्या गाडीची ताकद साधारण १८ पीएस, हिची २०. फरक नावापुरता. वजन मात्र १४० किलोंच्या आसपास होतं, ते १९१ वर गेलं. टॉर्क १४ न्यूटन-मीटरचा २७ झाला, आणि तो मिळतो ४००० आरपीएमला. जुनं इंजिन ७५०० पर्यंत नेल्याशिवाय आपला पूर्ण टॉर्क देत नव्हतं. म्हणजे ही गाडी पिळायची नाही. वरच्या गिअरमध्ये ठेवायची आणि चालू द्यायची. ऐंशी-नव्वदला ती दिवसभर कुरकुर न करता चालेल. तू तिला एकशे दहावर रेटतोस, पायाखाली थरथर सुरू झाली की तोंड वाकडं करतोस आणि म्हणतोस, 'गाडीत दम नाही.' गाडीत दम आहे. तुझ्यात सबुरी नाही.

ओव्हरटेकचंही तेच. अजून ट्रकच्या बुडाला चिकटतोस, दोन गिअर खाली टाकतोस आणि घुसतोस. अरे, पन्नास किलो वजन वाढलंय. मागे बायको बसलीय. दोन्ही बाजूंना बॅगा लटकताहेत. ती जुनी उडी आता मिळणार नाही. मागे राहा, पुढचं दिसू दे, जागा मोकळी झाली की जा. दोन मिनिटं उशीर झाला तर तुझं काय अडतंय? टूरिंगला निघालायस ना?

दुसरं सोंग याहून वाईट. सरळ रस्ता लागला की पाय पसरून, एका हाताने गाडी हाकतोस. शरीर सैल सोड, हरकत नाही. डोकं कोणी सैल सोडायला सांगितलं? ताशी ८० किलोमीटरला सेकंदाला २२ मीटर रस्ता मागे जातो. मोबाइलवरच्या नकाशाकडे दोन सेकंद पाहिलंस, की ४४ मीटर तू न बघता कापलेस. तेवढ्यात कुत्रं आडवं येतं, बैलगाडी वळते, एसटी थांब्यावर थांबते.

आणि जॅकेट कुठे आहे तुझं? कपाटात! हातमोजे? कपाटात! पायात चपला, डोक्यावर अर्धं हेल्मेट. 'आता हळूच चालवतो ना मी.' डांबराला स्पोर्ट्स बाइक आणि क्रूझर यातला फरक कळत नाही. हनुवटी उघडी असली तर पडल्यावर तीही टेकते. हे तुला माहीत नाही? चार नवख्या पोरांना तूच शिकवलंयस हे!

घाटात तर कमाल करतोस. कुंभार्लीच्या वळणावर फूटरेस्ट रस्त्याला घासला, ठिणग्या उडाल्या, आणि तू चिपळूणला चहा पिताना ते मिरवत होतास. त्यात मिरवण्यासारखं काय आहे? ही गाडी लांब आहे, बुटकी आहे, वाकायला तिला कमी जागा आहे. फूटरेस्ट घासला म्हणजे गाडीने तुला सांगितलं की वेग जास्त झाला. वळणाच्या आधी वेग कमी कर, योग्य गिअर टाक, नजर वळणाच्या पलीकडे ठेव, मग शांतपणे बाहेर ये. उतारावर गिअर खालचा ठेव, इंजिनला गाडी धरू दे. ब्रेक दोन्ही लाव. जुन्या सवयीने फक्त पुढचा ओढतोस. मागे माणूस आणि सामान असलेल्या लांब गाडीला मागचा ब्रेकही बरंच काम करतो. तो पाय काय नुसता ठेवायला दिलाय?

दाभोळच्या फेरीबोटीवर चढताना काय केलंस ते विसरलास? बायको आधीच उतरून चालत वर गेली, तेवढी अक्कल तिला होती. तू फळीवर अर्ध्यात पोचलास, पुढची रिक्षा थांबली, आणि तू हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबलास. चाक घसरलं. पाय टेकवलास तो शेवाळावर. गाडी आडवी. खलाशी आणि दोन मच्छीमार धावले, त्यांनी उचलून दिली. आणि उठल्याबरोबर तू काय म्हणालास? 'फळी ओली होती.' खाडीत टेकणारी लोखंडी फळी ओलीच असणार! ती कोरडी मिळेपर्यंत काय पलीकडे धोपाव्याला जायचं नाही? अर्धा क्लच, मागचा ब्रेक, हँडल सरळ, नजर वर, आणि पुढचं वाहन पूर्ण चढेपर्यंत खालीच थांबणं. एवढंच करायचं होतं. केलं नाहीस, कारण कधी सराव केला नाहीस. जड गाडी वेगात सगळ्यांना चालवता येते. कस लागतो तो चालण्याच्या वेगात.

सराव नाही, खोगीरभरती मात्र भरपूर. काच लावलीस, पाठटेका लावलास, जादा दिवे लावलेस, बॅगा घेतल्यास. मागच्या टायरमध्ये हवा किती आहे? सांग बघू. दोघं बसल्यावर ती वाढवायची असते, हे गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत लिहिलंय. उघडलीस ती? चेन सुकून करकरतेय, पाचशे किलोमीटरला तेल द्यायला कोणी हात धरलाय? जड सामान मागच्या चाकाच्याही मागे बांधतोस, मग पुढचं चाक हलकं होतं आणि म्हणतोस, 'हँडल हलतं.' टायर ट्यूबलेस आहेत. पंक्चर स्वतः काढता येतं का? येत नाही. दिवे किती सुंदर लागलेत ते मात्र फोटोत दाखवता येतं.

आणि एवढं करून जातोस कुठे? रविवारी मिसळ खायला! विचारलं तर रडगाणं तयार. 'एक्सप्रेस वेवर दुचाकीला बंदी, समृद्धीवर बंदी, मग टूरिंग करायची कुठे?' अरे, त्या रस्त्यांवर तुला बघायचं काय होतं? आंबा घाट आहे, अणुस्कुरा आहे, आंबोली आहे, ताम्हिणी आहे. वेश्वी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, खाड्या ओलांडत कोकणचा किनारा उतरत जाता येतं. तिथे ऐंशीच्या वर जायची गरजच नाही. तुझ्या गाडीसाठीच असल्यासारखे रस्ते आहेत, आणि तू बंदी असलेले दोन रस्ते धरून बसलायस. ज्याला जायचं असतं तो वाट शोधतो. ज्याला जायचं नसतं तो बंदी शोधतो.

तुझ्या जागी दुसरा कोणी असता तर मी एवढं बोललो नसतो. त्याला कळत नाही म्हणून सोडून दिलं असतं. तुला कळतं. रस्ता वाचायची नजर तुझ्याकडे आहे. समोरच्या गाडीचं चाक कुठे वळतंय, त्यावरून ती काय करणार हे तू ओळखतोस. पावसात डांबरावरचं तेल तुला लांबून दिसतं. एवढं कमावलेलं सगळं आरामाच्या नावाखाली गंजू देतोयस, याचा मला राग आहे. मोठी गाडी घे, महागडी घे, पळसाला पानं तीनच. चालवणारा आळशी असेल तर कोणतीही गाडी त्याला लांब नेत नाही, आणि नेलीच तर सुखरूप परत आणेल याची खात्री देत नाही. मागे बसणारीने तुझ्यावर भरवसा ठेवलाय. तुझ्या जेलच्या सीटवर नाही.

शनिवारी सकाळी साडेसहाला मैदानावर ये. आधी हवा तपासून, चेनला तेल देऊन ये. पूर्ण हेल्मेट, जॅकेट, हातमोजे, बूट घालून ये. इंग्रजी आठचा आकडा पाय न टेकता काढायचा. चाळीसच्या वेगातून दोन्ही ब्रेकने गाडी सरळ थांबवायची. मग तेच सामान बांधून, मग तेच बायकोला मागे बसवून. जमेपर्यंत करायचं. जमलं की दोघं अणुस्कुऱ्याने खाली कोकणात उतरा, तेव्हा तुझे पेढे मी आवडीने खाईन. नाही आलास, तर सबब सांगायला फोन करू नकोस. तुझ्या सगळ्या सबबी मला पाठ आहेत.